एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) सेंटरच्या औषध खिडकीवरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

गोळ्या देताना तुम्ही प्रत्येकाला म्हणता, "बाकीच्या गोळ्यांची पिशवी दाखवा." हे पत्र त्या पिशवीबद्दल.

२००४ मध्ये मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा चाळिशीत असलेले लोक आता साठीत आहेत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, दबलेला असतो, कुरकूर असते ती किडनी, हाडं, हृदय आणि साखरेची. त्यावर बाहेरचे डॉक्टर औषधं लिहितात आणि त्यांना एआरटीचं पुस्तक दाखवायला लोक अजून कचरतात. एचआयव्ही असलेल्यांशी भेदभाव करायला मनाई करणारा २०१७ चा कायदा पाठीशी असला तरी. मग सगळ्या गोळ्यांचा मेळ लागतो तो तुमच्याच खिडकीवर.

टीएलडी ही आमची एचआयव्हीची रोजची गोळी, तीन औषधं एकत्र असलेली. त्यातलं डोलुटेग्राव्हिर कॅल्शियम आणि लोहाला पोटातच चिकटतं, रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणून पाकिटावर तुमचं पेनानं लिहिलेलं असतं: टीएलडी आधी, कॅल्शियम २ तासांनी, कॅल्शियम आधी घेतलं तर टीएलडी ६ तासांनी. जमत नसेल तर दोन्ही जेवणासोबत. ही सवलत अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र नाही. साखरेवरचं मेटफॉर्मिन टीएलडीमुळे रक्तात वाढतं, म्हणून दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर दिसलं की तुम्ही डॉक्टरांकडे पाठवता.

किडनीचा हिशेब तर तुम्हीच शिकवलात. क्रिएटिनिन १.२ म्हणजे रिपोर्टवर 'नॉर्मल'. पण किडनी रक्त किती गाळते ते काढायला तुम्ही मांडता: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ पट क्रिएटिनिन. ६५ वर्षांच्या, ५० किलोच्या पुरुषाचं उत्तर ४३ येतं. बाई असेल तर ०.८५ नं गुणून ३७. पन्नासच्या खाली टीएलडीतल्याच टेनोफोव्हिरचा फेरविचार करावा लागतो. त्यात गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक म्हणजे आगीत तेलच. उलट डोलुटेग्राव्हिर सुरू झाल्यावर क्रिएटिनिन जरासं चढून तिथंच थांबलं, तर किडनी बिघडलेली नसते, हेही तुम्ही सांगता. किती जणांची झोप त्यानं परत आली!

सेकंड लाइनवाल्यांना, म्हणजे पहिली औषधं लागू न पडल्यानं दुसऱ्या टप्प्याच्या औषधांवर असलेल्यांना, तुमचा एकच प्रश्न असतो: "गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणार आहात का?" त्यांच्या औषधांतलं रिटोनाव्हिर ते स्टेरॉइड शरीराबाहेर पडू देत नाही, चेहरा सुजतो, साखर चढते. हाडांच्या डॉक्टरांना हे आपणहून सांगावं लागतं.

एक मागणं आहे. वेळांचा तो तक्ता मोठ्या अक्षरांत छापून द्या, चष्म्यातूनही बारीक दिसत नाही. वर आजाराचं नाव नको, 'रात्रीची गोळी' एवढंच पुरे.

आपले,
एआरटीवर म्हातारे होत असलेले आम्ही