पाच मिनिटांचा सेट आणि मेलेला टोल

नौपाडा, ठाणे
मंगळवार, रात्र

प्रिय दिल्या,

तुझ्या स्टँडअपची चार पानं वाचली. 26 जानेवारीच्या पूजेला सोसायटीसमोर पाच मिनिटं उभं राहायचं आणि हातात चार पानं! पाच मिनिटांना साडेचारशे शब्द पुष्कळ झाले. लोक हसले तर मिनिटभर तेच खातात. नाही हसले तर माणूस घाबरून भरभर सुटतो आणि साडेतीन मिनिटांत मोकळा होतो. त्या वेळेसाठी एक सुटा विनोद खिशात ठेव.

आधी टोल काढ. अख्खं पान घालवलंयस त्यावर. तो विनोद 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्री वारला. मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, त्यात आपले आनंदनगर आणि ऐरोली दोन्ही आले. 'नवी मुंबईचं विमानतळ नातवंडांच्या लग्नात होईल' हेही खोड. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला विमानं उडायला लागली. बातमीवरचा विनोद दुधासारखा असतो, ज्या दिवशीचा त्या दिवशी तापवायचा. टिकवायचाच असेल तर बातमी सोड आणि तिच्यातला माणूस धर. टोल गेला, पण नाका दिसला की सवयीने काच खाली करणारे काका गेलेले नाहीत. त्यांच्यावर तुला आणखी दहा वर्षं काढता येतील.

आता खरी गोम. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि विनोदात तेच घात करतं. तू लिहिलंयस, 'घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामामुळे इतका वेळ लागतो की तोवर मुलं मोठी होऊन कॉलेजात जातील असं मला वाटतं.' हसायचा शब्द 'कॉलेज'. त्यापुढे 'जातील असं मला वाटतं' हे शेपूट लोंबतंय. लोकांनी हसायला तोंड उघडलं तरी तू बोलतोयसच, मग ते बिचारे सभ्यपणे तोंड मिटतात. असं करून बघ:

'कासारवडवलीहून निघालो, पोरगा केजीत. मानपाड्याला त्याचा फोन आला, बाबा, सायन्स घेऊ की कॉमर्स?'

'कॉमर्स'वर थांब. मनात दोन आकडे मोज. हशा चढत असताना पुढचं बोललास तर तो विझतो, उतरायला लागला की टॅग टाक, म्हणजे त्याच विनोदाला जोडलेली आणखी एक छोटी ओळ: 'तीन हात नाक्याला पोचलो, तेव्हा पत्रिका.' कुणाची, कसली, काही सांगू नकोस. समजावलेला विनोद म्हणजे चावून दिलेला घास.

नाक्यांचा क्रम मात्र चोख ठेव. तुझ्या पानात माजिवडा कापूरबावडीच्या आधी आलाय. ठाणेकर विनोदावर हसेल न हसेल, रस्ता चुकला तर दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही. आणि पहिल्या रांगेतून 'आधी कापूरबावडी!' आलं की सेट त्या ओरडणाऱ्याचा झाला.

रेल्वेचा तुकडा तुझ्याकडे आहे, पण माहितीखाली गाडलायस. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, 34 किलोमीटर, दुपारचे साडेतीन, सगळं खरं आणि सगळं अडगळ. सेटअपमध्ये, म्हणजे हशाआधीच्या तयारीत, तेवढंच राहू दे ज्याच्यावाचून पंच, म्हणजे हसवणारी ओळ, कळणार नाही. म्हणजे: '16 एप्रिल 1853. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी. डबे 14, माणसं 400. एका डब्यात साधारण एकोणतीस. आज एवढी दारात.' हिशेब तूच करून दे. लोक मनात भागाकार करायला लागले तर हसणार कधी? इंजिनांच्या नावांचा मोह मला कळतो, ती फार गोड आहेत. तरी काढच.

वॉचमन आणि कामवाल्या मावशींवरचे दोन्ही विनोद काढ. ते मंडपाच्या कडेला उभेच असतील आणि त्यांना उलट बोलायची सोय नाही. सेक्रेटरींवरचा ठेव, त्यांच्याकडे माइक आहे. फक्त 'लिफ्टचे पैसे खाल्ले' हे वाक्य नको. तो विनोद नाही, आरोप आहे. भारतीय न्याय संहितेचं 356 वं कलम बदनामीचं आहे, आणि नाव न घेता माणूस ओळखू आला तरी तुला सुटका नाही. लिफ्ट बंद असताना सातव्या मजल्यावरून ते स्वतः कसे उतरतात, ते कर की! ते स्वतःच आधी हसतील.

जागेचं. महाप्रसादाआधीची वेळ माग. पुरीचा वास सुटला की कुणाचा बापही ऐकणार नाही. खुर्च्या पुढे ओढून चिकटून लाव, कारण हशा शेजाऱ्याकडून लागतो आणि मधे रिकामी खुर्ची आली की तुटतो. प्रेक्षकांवरच्या ट्यूबलाइट विझवायला सांग. उजेडात माणूस आधी आजूबाजूला बघतो आणि मग हसायचं की नाही ते ठरवतो. माइक तोंडापासून मूठभर अंतरावर, जाळी मुठीत दाबायची नाही, स्पीकरच्या पुढे जायचं नाही, नाहीतर शिट्टी वाजते. माइक हातात घेतलास तर स्टँड बाजूला कर. भाषणवाले तो पोटासमोर तसाच ठेवतात आणि अर्धा तास खांबाआडून बोलतात.

चौथ्या मिनिटाला कुणालातरी मागून मोबाइलचा टॉर्च दाखवायला सांग. तो दिसला की शेवटच्या विनोदावर ये, मधले राहिले तर राहू देत. शेवट काच खाली करणाऱ्या काकांवर करू नकोस, त्यांना सुरुवातीला आण. शेवटी पत्रिकेवाला पोरगा लग्न करून घोडबंदरलाच फ्लॅट घेतो, तिथे संपव.

पानं फाड आणि एका कागदावर फक्त शेवटचे शब्द लिही: काच, दारात, कॉमर्स, पत्रिका, फ्लॅट. तेवढ्यावर सगळं उभं राहतंय का बघ. मोठ्याने बोलून मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि शनिवारपर्यंत पाठव. रविवारी संध्याकाळी तलावपाळीला ये, घड्याळ लावून ऐकतो. वहिनींना आधी ऐकवू नकोस, त्या प्रेमाने हसतील आणि आपल्याला काही कळणार नाही.

तुझा,
अव्या