वहीतला 56 किलोंचा आकडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र परवा मिळाले. व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाने लेग प्रेसवर, म्हणजे बसून पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर, तुझ्याकडून 40 किलो वजन 12 वेळा ढकलून घेतले आणि वहीत ‘वन आरएम 56 किलो’ असे लिहून टाकले. प्रत्यक्षात 56 किलोंना तू अजून पायही लावलेला नाहीस. मग हा आकडा आला कुठून, आणि एकाहत्तराव्या वर्षी त्याच्या भरवशावर वजन वाढवावे का, असे तू विचारतोस. इतकी वर्षे वृद्धांची ताकद मोजण्याचेच काम करत आलो असल्यामुळे सविस्तरच लिहितो.

वन आरएम म्हणजे जे वजन योग्य पद्धतीने एकदाच उचलता येते आणि दुसऱ्यांदा उचलता येत नाही, ते. तुझ्या प्रशिक्षकाने ते मोजलेले नाही, हिशेबाने काढले आहे. वजनाला आवर्तनांनी, म्हणजे ते जितक्या वेळा ढकलले त्या संख्येने, गुणायचे, 30 ने भागायचे आणि आलेली संख्या मूळ वजनात मिळवायची: 40 गुणिले 12 भागिले 30 म्हणजे 16, आणि 40 अधिक 16 म्हणजे 56. हे 1985 सालचे एप्लीचे सूत्र. 1993 साली आलेले ब्रिझकीचे सूत्र वापरले असते तर 57.6 किलो आले असते. गंमत अशी की 10 आवर्तनांना ही दोन्ही सूत्रे तंतोतंत एकच उत्तर देतात आणि तिथून पुढे त्यांची फारकत होते. तू 40 किलो 20 वेळा ढकलले असतेस, तर एकाने 66.7 किलो सांगितले असते आणि दुसऱ्याने 84.7. पाय तेच, वजन तेच, आणि कागदावर मात्र 18 किलोंचा फरक! म्हणून अंदाज काढायचाच असेल, तर तो 10 पेक्षा कमी आवर्तनांवरून काढावा.

पण खरी अडचण सूत्रात नाही, ‘12’ या आकड्यात आहे. तू बाराव्या वेळी थांबलास, की तुला थांबवले? सूत्राचे गृहीतक असे की तेरावे आवर्तन झालेच नसते. ‘बारा झाले, पुरे’ म्हणून थांबवले असेल, तर तुझी कमाल ताकद 56 किलोंपेक्षा बरीच अधिक असू शकेल. उलट बारावे खरोखरच शेवटचे असेल, तर ती 56 पेक्षा कमीही निघेल, कारण प्रत्येक स्नायुगटाचा हिशेब वेगळा असतो. व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांवर केलेल्या एका जुन्या अभ्यासात कमाल वजनाच्या 80 टक्के वजनावर लेग प्रेसची सरासरी 15 आवर्तने झाली आणि लेग कर्लची, म्हणजे वजनासह गुडघा मागे दुमडण्याच्या व्यायामाची, जेमतेम 6. तो मापदंड तुला लावला, तर 12 आवर्तनांतच थकवणारे 40 किलो हे तुझ्या कमाल वजनाच्या 80 टक्क्यांहून अधिक ठरतात, म्हणजे कमाल वजन 50 किलोंच्या आतच येते. सूत्राला मात्र मांडीच्या पुढचा स्नायू आणि मागचा स्नायू यांतला फरक ठाऊक नसतो.

आता माझी एक चूक सांगतो. कामाला लागल्यावर पहिल्या काही वर्षांत मी वृद्धांची चाचणी पहिल्याच दिवशी घेत असे आणि सहा आठवड्यांनी वाढलेला आकडा मोठ्या कौतुकाने त्यांच्या मुलांना दाखवत असे. एकदा चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक बाई गुडघा सरळ करण्याच्या यंत्रावर बसल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांनी आसनाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरे पांढरी पडली; श्वास कोंडलेला, आणि नजर पायांवर नसून माझ्या चेहऱ्यावर. चौथ्या खेपेला त्यांनी पाठ नीट टेकवली, मोठ्याने आकडे मोजू लागल्या आणि पहिल्या दिवशी जे वजन हललेही नव्हते, ते सहज वर नेले. दहा दिवसांत स्नायू काही वाढत नाही; त्या यंत्र शिकल्या होत्या. पुढे वाचनात आले की स्थिर आकडा मिळायला तरुण स्त्रियांना तीन-चार चाचण्या पुरल्या, तर वृद्ध स्त्रियांना आठ-नऊ लागल्या. माझ्या त्या कौतुकात शिकण्याचा वाटा किती आणि स्नायूंचा किती, हे आता कोण सांगणार?

थेट चाचणी, म्हणजे कमाल वजन प्रत्यक्ष ढकलून पाहणे, धोक्याची असते का, हा तुझा आणखी एक प्रश्न. वय हे एकटे कारण पुरेसे नाही. 1990 साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वर्षांच्या दहा जणांना कमाल ताकदीच्या 80 टक्क्यांपर्यंतचे वजन देऊन आठ आठवडे व्यायाम करवला गेला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. धोका श्वास कोंडण्यात असतो. जड लेग प्रेस करणाऱ्या तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून मोजले, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी 320 पर्यंत गेलेला आढळला. तुला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका झटक्यात कमाल वजन ढकलून पाहू नकोस. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, हर्निया असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर तो विचारच नको.

हाताच्या पकडीवरून पायांचे वजन ठरवता येईल का, असेही तू विचारले आहेस. नाही येत. पुरुषांत 27 किलोंपेक्षा आणि स्त्रियांत 16 किलोंपेक्षा कमी पकड ही 2019 च्या युरोपीय निकषांप्रमाणे अशक्तपणाची खूण मानली जाते. ती धोक्याची घंटा आहे, लेग प्रेसचा वजनकाटा नव्हे.

तुझ्या जागी मी असतो तर असे केले असते. पहिले दोन-तीन आठवडे 40 किलोंपेक्षा हलक्या वजनावर फक्त हालचाल बसवायची, ढकलताना श्वास सोडायचा. मग नीट अंग गरम करून, मध्ये तीन मिनिटे विसावा घेत वजन थोडे थोडे वाढवायचे आणि ज्या वजनावर सहा-आठ आवर्तनांनंतर पुढचे एखादेच निघेल असे वाटेल, तिथे थांबायचे. त्यावरून अंदाज काढ आणि त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास सुरुवात कर. 70 ते 85 टक्क्यांपर्यंत सावकाश जाता येते. रोजच्या व्यायामात मात्र टक्केवारीपेक्षा एक प्रश्न अधिक उपयोगी पडतो: अजून किती निघाली असती? दोन-तीन म्हणालास तर वजन बरोबर, पाच-सहा म्हणालास तर हलके. बहुतेक जण उरलेली आवर्तने प्रत्यक्षापेक्षा कमीच सांगतात, आणि तू तर शाळेपासून स्वतःला कमी लेखणारा, तेव्हा उत्तरात एक मिळवून धर.

दर सहा आठवड्यांनी तीच चाचणी त्याच यंत्रावर, त्याच वेळी घे. आसन एक भोक पुढे-मागे सरकले तरी गुडघ्याचा कोन बदलतो आणि आकडा दुसऱ्याच माणसाचा वाटू लागतो. म्हणून वहीत 56 च्या शेजारी आसनाचे भोक कितवे होते आणि तू स्वतः थांबलास की थांबवले गेलास, एवढे आजच लिहून ठेव, आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.

घरच्या सर्वांना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र