खोक्यावर आरजीबी, पडद्यावर कंपोझिट : कन्व्हर्टरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्कार्ट ते एचडीएमआय कन्व्हर्टरवरील चुकीचे दावे आणि पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

जुन्या गेम कन्सोलचे चित्र स्कार्ट (२१ पिनांचा जुना टीव्ही-प्लग) मधून एचडीएमआयवर आणणाऱ्या आपल्या कन्व्हर्टरच्या खोक्यावर ‘आरजीबी इनपुट’ (लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळ्या तारांवर), ‘२४०पी सपोर्ट’ (जुन्या कन्सोलचे २४० ओळींचे चित्र) आणि ‘लॅग नाही’ (चित्र दिसायला उशीर नाही) असे तीन दावे छापले आहेत. तिन्ही खोटे आहेत. पहिल्या तक्रारीवर ‘केबल बदला, टीव्हीवर गेम मोड लावा’ एवढेच उत्तर आले, म्हणून केलेल्या चाचण्या इथे सविस्तर देत आहे. आपल्या तंत्रज्ञांना त्या तासाभरात करून पाहता येतील, यंत्र उघडावेही लागणार नाही.

चाचणीसाठी एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) सुपर निन्टेंडो कन्सोल, आरजीबी स्कार्ट केबल आणि २४०पी टेस्ट सूट हा चाचणी-चित्रे दाखवणारा प्रोग्रॅम वापरला. केबलच्या लाल, हिरव्या, निळ्या तारांवर प्रत्येकी २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत, या मॉडेलला ते लागतातच. हीच केबल आणि हाच टीव्ही ओएसएससी या लाइन मल्टिप्लायरला (चित्राच्या ओळी दुप्पट-तिप्पट करून एचडीएमआयवर देणारे दुसरे यंत्र) जोडल्यावर चित्र स्वच्छ येते. तेव्हा केबल आणि टीव्ही यांच्यावर बोट ठेवू नये.

आता मुख्य दोष. स्कार्टमध्ये लाल रंग १५ क्रमांकाच्या पिनेवर, हिरवा ११ वर, निळा ७ वर येतो, आणि २० वर कंपोझिट व्हिडिओ (सगळे चित्र एकाच तारेत मिसळलेले) किंवा नुसता सिंक (ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारा संकेत). केबलच्या प्लगमधून १५, ११ आणि ७ च्या तारा सोडवल्या. चित्रात तसूभरही फरक पडला नाही. मग २० वर कंपोझिटऐवजी ल्युमा (रंगाविना फक्त उजेडाचा सिग्नल) दिला, तर चित्र कृष्णधवल झाले. तिथेच शुद्ध सिंक दिला, तर पडदा काळा. आरजीबी वाचणाऱ्या यंत्रात या तिन्ही गोष्टी नेमक्या उलट घडायला हव्यात : रंगाच्या तारा काढल्या की चित्र जावे, आणि सिंक कशातूनही आला तरी रंग तसेच राहावेत. याचा अर्थ एकच, आपले यंत्र २० क्रमांकाच्या पिनेवरचे कंपोझिट घेते आणि आरजीबीकडे ढुंकूनही पाहत नाही. लाल अक्षरांच्या कडा पसरणे, बारीक उभ्या रेघांवर इंद्रधनुष्य उमटणे, हे सगळे त्यातूनच येते. साध्या पिवळ्या प्लगच्या केबलनेही एवढेच चित्र मिळते, त्यासाठी स्कार्टचा घाट कशाला?

२४०पीचे म्हणाल तर, असे जुने एनटीएससी कन्सोल दर फ्रेमला २६२ पूर्ण ओळी पाठवतात. ४८०आय (साध्या टीव्ही प्रक्षेपणाचा सिग्नल) मध्ये ५२५ ओळी दोन फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, विभागलेल्या असतात, म्हणजे प्रत्येकी २६२.५. त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसरे फील्ड पहिल्याच्या मध्ये बसते. ओळी मोजल्या तरी कोणता सिग्नल आला ते कळते. आपले यंत्र ते न मोजता सगळ्यालाच ४८०आय समजते आणि लागोपाठच्या दोन वेगळ्या फ्रेम एकात विणते. टेस्ट सूटमधली ड्रॉप शॅडो चाचणी लावा. ही सावली एका फ्रेमआड दिसते, त्यामुळे डोळ्याला अर्धपारदर्शक भासायला हवी. आपल्या यंत्रातून तिच्या आडव्या पट्ट्या होतात. चित्र वेगाने आडवे सरकले की कडांना कंगव्याचे दात फुटतात. मार लागल्यावर लुकलुकणारा नायक बहुतेक जुन्या खेळांत असतो, म्हणजे हा दोष क्वचित दिसणारा नव्हे.

लॅगही यातूनच वाढतो, कारण विणण्यासाठी फील्ड साठवून ठेवावी लागतात. सिग्नल वाटून एक फाटा जुन्या ट्यूबच्या टीव्हीला दिला, दुसरा कन्व्हर्टरमार्गे आत्ताच्या टीव्हीला, आणि टेस्ट सूटच्या स्टॉपवॉचचे दोन्ही पडदे एकाच फोटोत घेतले. टीव्ही गेम मोडमध्येच होता. ओएसएससीने फरक १ फ्रेम, तो टीव्हीचा स्वतःचा. आपल्या कन्व्हर्टरने ४ फ्रेम. वरच्या ३ फ्रेम, म्हणजे सुमारे ५० मिलिसेकंद, आपल्या यंत्राच्या. गेम मोड टीव्हीतली बरीचशी प्रक्रिया बंद करतो, त्याच्या आधीच झालेला उशीर त्याने कसा भरून निघणार?

शिवाय ४:३ चे चित्र सक्तीने १६:९ मध्ये ताणले जाते. लिनिअॅरिटी चाचणीतली वर्तुळे आडवी अंडाकार होतात. ७२०पी मध्ये चित्राची रुंदी ९६० पिक्सेल आणि दोन्ही बाजूंना १६०-१६० काळी जागा हवी. यंत्रावर त्यासाठी बटण नाही, आणि एचडीएमआयवर ४:३ निवडू न देणारे टीव्ही भरपूर आहेत.

ओळी मोजणे आणि ४:३ ठेवणे चिप करू शकत असेल, तर ते फर्मवेअरने (यंत्रातला प्रोग्रॅम बदलून) जमेल. आरजीबीच्या पिना आत जोडलेल्याच नसतील, तर कोणतेही फर्मवेअर त्या जोडणार नाही. म्हणून बदली यंत्र नको, ते याच घडणीचे असेल. पूर्ण रक्कम परत करावी, परत पाठवण्याचा खर्चही आपण सोसावा. तसेच खोक्यावरून आणि विक्रीच्या पानावरून ‘आरजीबी’ हा शब्द काढून ‘फक्त कंपोझिट’ असे छापावे. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, तारा सोडवण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो, स्टॉपवॉचचे दोन फोटो.