कागद घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

सिग्नलवरून सुटताना नवी कोरी गाडी हिसका देते, दोन सेकंद पिकअपच घेत नाही, आणि डीलर दोनदा ‘नॉर्मल आहे’ म्हणून ती परत देतो. नॉर्मल कसलं डोंबलाचं! पण दोन्ही वेळचे रिपेअर ऑर्डरचे कागद आहेत का, या माझ्या प्रश्नाला फोनवर तू बगल दिलीस, म्हणून हे लिहितोय.

मी स्वतः सर्व्हिस काउंटरच्या पलीकडे बसतो. काही सापडलं नाही की आमच्यातले काही जण गोड बोलतात, गाडी धुऊन देतात आणि कागद काढतच नाहीत. मग तुझी ती फेरी झाली हे दाखवणार कशावरून? न्यू जर्सीचा लेमन लॉ, म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या सदोष नव्या गाडीचे पैसे परत मिळवून देणारा कायदा, अशा फेऱ्याच मोजतो. पहिली दोन वर्षं किंवा २४,००० मैल, यांतलं जे आधी संपेल तोवर एकाच दोषावर तीन प्रयत्न झाले, किंवा गाडी एकूण २० दिवस गॅरेजात पडून राहिली, तर तुझा दावा उभा राहतो. दोष जिवावर बेतणारा असेल तर एकच प्रयत्न पुरतो.

तेव्हा आधी दोन्ही फेऱ्यांच्या प्रती मागून घे. यापुढे तक्रार तुझ्याच शब्दांत लिहून घ्यायची. ‘आवाज येतो’ असलं गुळमुळीत नको. किती वेगात, थंड इंजिनाला की तापल्यावर, हिसका किती वेळ, सगळं. खाली ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं तरी बिघडत नाही, पण तारीख आणि मीटरचं रीडिंग हवंच. पैसे परत करताना कंपनी वापराचे पैसे कापते. पहिल्यांदा तक्रार नेली तेव्हाचे मैल गुणिले किंमत, भागिले एक लाख, असा तो हिशोब. चाळीस हजार डॉलरची गाडी तू २,००० मैलांवर दाखवली असशील तर ८०० डॉलर जातील. तोच पहिला कागद १०,००० मैलांचा असला, तर ४,०००!

तुझ्या काकांना हे सांगितलं तर ते हसले. भारतात लेमन लॉ नाहीच. ग्राहक आयोगात जायचं आणि गाडीत उत्पादनाचाच दोष आहे हे आपणच सिद्ध करायचं. तिथे रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची, सक्तीसुद्धा १ एप्रिल २०२१ पासूनची.

रिकॉलवरून आठवलं. जुनी होंडा तू यशला देणार आहेस ना? रिकॉल आणि लेमन लॉ यांची गल्लत करू नकोस. लेमन लॉ तुझ्या एका गाडीच्या तक्रारीपुरता. रिकॉल निघतो तो त्या मॉडेलच्या गाड्यांमधल्या सुरक्षेच्या दोषासाठी, तुझी गाडी कुरकुरत असो वा नसो. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचंच बघ. आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन बिघडतं, आणि एअरबॅग फुगताना धातूचं कवच फुटून तुकडे अंगावर येतात. अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) परत बोलावले गेले, आणि जुन्या होंडा त्यात भरपूर. गाडी रोज बिनतक्रार धावते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

कंपनीचं पत्र नोंदणीतल्या पत्त्यावर जातं. सेकंडहँड गाडीच्या बाबतीत ते बऱ्याचदा पोचतच नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी देता येत नाही, पण जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला केंद्रीय कायदा अडवत नाही. मला तरी हे अजब वाटतं. ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली सतरा अंक-अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, दिसेल, तो एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाक. काही निघालं तर होंडाच्या डीलरकडे काम फुकट होईल. यशच्या हाती चावी त्यानंतरच.

नव्या गाडीच्या तिसऱ्या फेरीआधी मात्र कंपनीला (डीलरला नव्हे) शेवटच्या संधीचं पत्र जायला हवं. मग दुरुस्तीसाठी त्यांना दहा दिवस मिळतात. मसुदा मी करतो. ईमेलवर भागवू नकोस, सर्टिफाइड मेलने पाठव आणि पोचपावती मागव. दोन्ही कागदांचे फोटो आज रात्रीच टाक.

तुझा,
बाबा