बाबांच्या जेवणाबद्दल

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा बाबा तुझ्याकडे येतील. औषधं ते स्वतःच आठवणीने घेतात, त्याची काळजी नाही. मला लिहायचंय ते जेवणाबद्दल. त्यांना आहे तो लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन नीट काम न करण्याचा आजार, म्हटलं की आपल्याकडे लगेच पथ्य सुरू होतं. डाळ बंद, दूध बंद, तूप बंद. मऊ भात आणि उकडलेला दुधी. येणारे-जाणारे तुलाही हेच सांगतील. ऐकू नकोस. आधीच त्यांना चार घासांत पोट भरल्यासारखं होतं, त्यात आपण ताट रिकामं करायचं का?

काट्यावर वजन ६२ दिसेल. त्यात पोटातलं पाणी आहे. दंड बघ, मांड्या बघ, कानशिलं कशी आत गेलीत ते बघ. डॉक्टर खरं वजन ५५ धरतात आणि किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात, म्हणजे दिवसाला साधारण ६५ ते ८० ग्रॅम. वाटीभर वरणातून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात. म्हणून अंडी, दही, पनीर, मुगाचं धिरडं, उसळ असं दिवसभर थोडं थोडं देत राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिव्हर रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं. त्यांचं लिव्हर ते करू शकत नाही. मग शरीर स्नायू मोडून साखर बनवतं. निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासाने जी अवस्था होते, ती यांची एका रात्रीत होते. त्यामुळे आठला जेवले तरी झोपताना दूध-पोहे, खीर किंवा दूध-पोळी द्यायचीच. झोप लागली असेल तर उठवून दे. सकाळी उठल्या उठल्याही काहीतरी पोटात जाऊ दे. फिरायला जाणं नंतर.

मीठ मात्र दिवसाला चहाचा चमचाभरच. पापड, लोणचं, फरसाण घरात दिसू देऊ नकोस. अगदी अळणी केलंस तर ते ताट सरकवतील. लिंबू, जिरेपूड, आमसूल वापर.

बोलण्यात गोंधळ वाटला, दिवसा झोप नि रात्री जागरण असं झालं, तर आजाराचा मेंदूवर परिणाम होतोय असं समज आणि तडक डॉक्टरांना फोन कर. डाळ बंद करू नकोस. पूर्वी अशा वेळी जेवणातली प्रथिनं कमी करायचे. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २००४ साली दोन्ही तऱ्हेचं जेवण देऊन पाहिलं. प्रथिनं कमी केल्याने मेंदूवरचा परिणाम काही लवकर ओसरला नाही, उलट शरीरातली प्रथिनं जास्त मोडली. प्रथिनांतून तयार होणारा आणि मेंदूला त्रास देणारा अमोनिया निपटायला लिव्हरसोबत स्नायूही मदत करतात, तेच झिजवून कसं चालेल?

राहता राहिली संकष्टी. चंद्रोदयापर्यंत उपाशी राहायचा त्यांचा नेम आहे आणि माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. पूजा करा, मोदक करू, पण दुपारी जेवा, असं तू समोर बसून सांग.

तुझी,
आई