मुलांच्या फुटबॉलमधील भांडवल आणि नाशिकची मैदाने

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांत तासावर भाड्याने मिळणारी टर्फ मैदाने आणि त्यांवर चालणाऱ्या मुलांच्या फुटबॉल अकादम्या गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी वानखेडेवर येऊन गेल्यावर तर आठ-दहा वर्षांच्या मुलांचा पालकांकडचा हट्टही वाढला आहे. या उत्साहात मिठाचा खडा टाकण्याचा माझा हेतू नाही. परंतु अमेरिकेत याच वयाच्या मुलांच्या खेळात प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करून कंपन्या विकत घेणारे आणि काही वर्षांनी त्या नफ्याने विकणारे निधी, ज्या रीतीने शिरले आहेत, ती रीत नाशिकच्या पालकांनी आणि महापालिकेने वेळीच समजून घ्यावी, असे मला वाटते.

माझी मुलगी न्यू जर्सीत असते आणि नात तेथील एका क्लबाकडून फुटबॉल खेळते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणतेही बिल दिसले की ते बारकाईने वाचण्याची खोड मला आहे, म्हणून क्लबाचा वार्षिक हिशेब मी मुलीकडून मागवून पाहिला. प्रशिक्षणाची फी हा त्यातील एक भाग निघाला. गणवेशाचा पूर्ण संच क्लबाने ठरवलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यायचा, स्पर्धांचे प्रवेशशुल्क निराळे भरायचे, सामन्यांचे वेळापत्रक ज्या ॲपवर येते त्याचे पैसे निराळे, आणि परगावच्या स्पर्धेला गेल्यावर आयोजकांनी नेमून दिलेल्या हॉटेलातच उतरायचे, अन्यथा संघाचा प्रवेश धोक्यात. या शेवटच्या अटीला तिकडे ‘स्टे टू प्ले’ असे नावच पडले आहे. शनिवार-रविवार गाडीत जातात, धाकट्या नातवाचे वाढदिवस सामन्यांच्या तारखा पाहून ठरतात आणि जावयांना सुट्ट्या उसन्या घ्याव्या लागतात. या गोष्टी बिलात नसतात, पण त्यांचीही किंमत त्याच घराला मोजावी लागते.

तिथला खेळ पूर्वीपासून असा नव्हता. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘एवायएसओ’ या मुलांच्या फुटबॉल संस्थेचे तत्त्वच ‘प्रत्येक मूल खेळेल’ असे होते आणि प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी मुलांचेच आईवडील असत. पुढे गावोगाव प्रवास करणारे, निवड चाचणी घेणारे आणि जबर फी आकारणारे क्लब आले. ॲस्पेन इन्स्टिट्यूट या अमेरिकी अभ्याससंस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये अमेरिकेतील सरासरी कुटुंबाने मुलाच्या मुख्य खेळावर १,०१६ डॉलर खर्च केले आणि २०१९ च्या तुलनेत ही रक्कम ४६ टक्क्यांनी जास्त होती. ही सर्व खेळांची सरासरी आहे. प्रवासी क्लबातील मुलांच्या घरचा आकडा याच्या कितीतरी पट असतो. मागे आशा असते ती महाविद्यालयीन शिष्यवृत्तीची, आणि तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएए स्वतःच सांगते की शालेय खेळाडूंपैकी सुमारे दोन टक्क्यांनाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळते.

पालक मंदीतही जो खर्च तोडत नाही, तिकडे गुंतवणूकदार आपोआप वळतो. फुटबॉलसह अनेक खेळांचे निवासी प्रशिक्षण देणारी फ्लोरिडातील आयएमजी अकादमी २०२३ मध्ये ईक्यूटी या निधीच्या आशियाई शाखेने सव्वा अब्ज डॉलरना घेतली. फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाचे मालक जोश हॅरिस आणि डेव्हिड ब्लिट्झर यांनी मुलांच्या खेळांसाठी ‘अनरायव्हल्ड स्पोर्ट्स’ ही कंपनी २०२४ मध्ये पुढे आणली. शाळकरी मुलींच्या चिअरलीडिंगवर ज्या कंपनीची जवळजवळ सत्ता आहे ती व्हार्सिटी आधी बेन कॅपिटल या निधीकडे होती आणि २०२४ मध्ये केकेआर या दुसऱ्या निधीकडे गेली.

या व्यवहारांत हे निधी नेमके काय विकत घेतात, ते पाहण्यासारखे आहे. चांगला प्रशिक्षक उद्या नोकरी सोडून जाऊ शकतो, त्यामुळे त्याच्यावर कोणी अब्जावधी लावत नाही. ते क्रीडासंकुले, बर्फाची मैदाने, स्पर्धा आणि नोंदणीची सॉफ्टवेअर घेतात, कारण पालकाला ‘नको’ म्हणणे तेथेच अशक्य होते. ईशान्य अमेरिकेत आइस हॉकीची अनेक मैदाने एकाच कंपनीच्या हाती गेल्यावर काही ठिकाणी पालकांना स्वतःच्या मुलांचे सामने चित्रित करण्यास मनाई झाली आणि तेच सामने पाहायला कंपनीच्या वाहिनीचे पैसे भरावे लागू लागले, असे वृत्त २०२५ मध्ये आले होते. मैदान एकच असेल तर पालक तक्रार तरी कोणाकडे करणार?

आता थोडे हिशेबाचे. असे निधी साधारण दहा वर्षांसाठी उभारलेले असतात आणि घेतलेली कंपनी तीन ते सात वर्षांत विकून मोकळे होण्याचा त्यांचा रिवाज आहे. खरेदीसाठी काढलेले कर्ज पुष्कळदा त्या कंपनीच्याच माथी बसते. म्हणजे क्लबाला नवे गवत मिळो न मिळो, हप्ता मुलांच्या फीमधून जातो. कर्ज वाईट नसते, मी जन्मभर तेच दिले. पण आम्ही कर्ज देताना ते फेडणार कोण हे विचारत असू, आणि येथे फेडणाऱ्या पालकाला आपण कर्जदार आहोत याचा पत्ताही नसतो. शिवाय मूल सहाव्या वर्षी खेळू लागते आणि सोळाव्यापर्यंत खेळते. तेवढ्या काळात त्याच्या क्लबाचा मालक दोनदा बदललेला असू शकतो.

या पैशाने काही चांगलेही झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मैदाने सुधारली, प्रशिक्षक शिकलेले आले, वेळापत्रक पाळले जाऊ लागले. जुन्या स्वयंसेवी क्लबांत सचिवाचा मुलगाच कसा कर्णधार होई, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

हा प्रश्न आपल्यापासून दूर आहे असेही कोणी समजू नये. आयपीएलमधील गुजरातचा संघ २०२१ मध्ये सीव्हीसी या निधीने ५,६२५ कोटी रुपयांना घेतला होता. आकाश या क्लासमध्ये ब्लॅकस्टोन या अशाच निधीने २०१९ मध्ये ३७.५ टक्के भाग घेतला होता, आणि नाशिकमध्ये दहावी-बारावीचे मूल असलेल्या घराला क्लासच्या फीचे गणित सांगण्याची गरज नाही. फुटबॉलमध्ये तर अखिल भारतीय महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांचे व्यापारी हक्क एकाच भागीदाराला दिले आणि कराराचे नूतनीकरण अडल्याने जुलै २०२५ मध्ये आयएसएल या देशातील प्रमुख फुटबॉल लीगचा हंगामच लांबणीवर पडला. अमेरिकेत जशी शिष्यवृत्तीची आशा, तशी आपल्याकडे दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांची आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणाची. ती विकणे कोणत्याही हुशार विक्रेत्याला जड जाणार नाही.

याउलट, महाराष्ट्रात फुटबॉल जिथे खरोखर रुजला त्या कोल्हापुरात तो पेठांतील तालमींनी वाढवला. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीतून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्या जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत नाशिकच्या मैदानावर धावून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. दाराशीच मोठी फी असती तर या दोघांपैकी कोण आत शिरले असते, याचा अंदाज वाचकांनी करावा.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अभ्यासक्रम चालू असताना फी वाढवू नये आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची रक्कम दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. नाशिकच्या फुटबॉल अकादमीत वर्षाची फी एकरकमी भरून मुलाचा गुडघा दुखावला, तर पालकाने कोणता कागद पुढे करायचा? हे केंद्र किंवा राज्य सरकारने ठरवेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण मोठी मैदाने अजून महापालिकेच्या, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या आणि शाळांच्या ताब्यात आहेत. उद्या एखादी कंपनी महापालिकेचे मैदान दीर्घ मुदतीने चालवायला मागेल आणि बदल्यात हिरवेगार टर्फ, प्रकाशझोत आणि प्रेक्षागृह देऊ करेल. तेव्हा नगरसेवकांनी भाड्याच्या आकड्यावर न भाळता करारात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. फी, किट, स्पर्धाशुल्क आणि प्रवास यांचा पूर्ण खर्च प्रवेशाआधी छापील द्यावा आणि मध्येच सोडणाऱ्या मुलाला उरलेली फी परत मिळावी. विशिष्ट दुकानाची सक्ती नसावी, पालकांच्या चित्रीकरणाला मनाई नसावी आणि ठरावीक जागा महापालिकेच्या शाळांतील मुलामुलींसाठी विनामूल्य असाव्यात. कंपनीची मालकी बदलली की करार आपोआप नव्या मालकाकडे न जाता पुन्हा महासभेपुढे यावा, आणि दररोज संध्याकाळचे दोन तास मैदान नोंदणी नसलेल्या मुलांसाठी उघडे राहावे. या शेवटच्या अटीला विरोध सर्वांत जास्त होईल, आणि तीच मी सर्वांत महत्त्वाची मानतो.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
इंदिरानगर, नाशिक