शिष्यवृत्ती लागू, पण फी आधी भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की आपल्या पानांवर महाविद्यालयांच्या जाहिराती सुरू होतात. त्यांतल्या बऱ्याच जाहिरातींच्या तळाला एक ओळ असते: ‘शासनाच्या सर्व शिष्यवृत्ती लागू.’ ओळ खोटी नाही. पण ती वाचून प्रवेशाला आलेल्या पालकाला फीच्या खिडकीवर दुसरेच ऐकायला मिळते, ‘आता पूर्ण भरा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत मिळतील.’ मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळून निवृत्त झालो. आता गल्लीतल्या, पै-पाहुण्यांतल्या पोरांचे फॉर्म भरून देतो. म्हणून हे पत्र.

योजना नाहीत असे कुणी म्हणू नये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला, घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पहिल्या दोन मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क आणि निम्मे परीक्षा शुल्क मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तर आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ही दोन्ही शुल्के शंभर टक्के माफ झाली. अट एवढीच की उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, कोल्हापूरसारख्या महापालिकेच्या शहरात तिचे वर्षाला ५१,००० रुपये होतात. वसतिगृह भत्ता पंजाबराव देशमुखांच्या नावाने आहे. कागदावर पाहिले तर गरिबाचे पोर पैशापायी अडू नये, एवढी तजवीज झालेली आहे.

अडते ते वेळेवर. पैसे लागतात जुलै-ऑगस्टमध्ये आणि येतात वर्ष सरताना, कधी पुढच्या वर्गात गेल्यावर. मधल्या काळात ते कुणी घालायचे, याचे उत्तर कुठल्याच शासन निर्णयात नीट नाही. म्हणून ते पालकाने घालायचे असे आपोआप ठरून गेले आहे.

अर्ज कुठे थांबतो ते सांगतो, कारण पालक नेहमी समाजकल्याणला किंवा ‘सरकारला’ दोष देऊन मोकळे होतात. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो. लिपिक तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनने पुढे जातो, आणि त्यानंतर कुठे समाजकल्याण किंवा उच्च शिक्षण सहसंचालकांच्या टेबलावर पोचतो. माझ्या अनुभवात सर्वाधिक दिवस जातात ते पहिल्याच मुक्कामी. शिष्यवृत्तीचा लिपिक बहुतेक ठिकाणी एकटा असतो, त्याच्याकडेच परीक्षा फॉर्म, त्याच्याकडेच बोनाफाईड, महाविद्यालयाला श्रेणी देणारी नॅकची समिती आली की तिची झेरॉक्सही त्याच्याकडेच. तो महिनाभर काही उघडत नाही आणि शेवटच्या तारखेच्या आठवड्यात सगळा गठ्ठा एकदम उपसतो. मग घाईत अर्ज परत जातात. ‘रेशनकार्डाची मागची बाजू जोडलेली नाही’ एवढ्या शेऱ्यावर सेंड बॅक झालेला अर्ज मी पाहिला आहे. त्या कार्डाच्या मागच्या बाजूला दुकानदाराच्या शिक्क्याखेरीज काही नव्हते. परत आल्याचा मेसेज ज्या मोबाईलवर गेला तो नंबर बापाचा, बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात, आणि रिचार्ज संपलेला. पोरीला कळले तोवर पोर्टल बंद.

उत्पन्नाच्या दाखल्याचीही एक गंमत आहे, ती दरवर्षी कुणाला तरी भोवते. तलाठ्याचा अहवाल घेऊन, सेतूत रांग लावून, तहसीलदारांच्या सहीचा दाखला फेब्रुवारीत काढून ठेवणारा पालक स्वतःला शहाणा समजतो. त्या दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असे छापलेले असते. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

आणि खाते. पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात, म्हणजे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी सगळ्यांत शेवटी जोडलेल्या खात्यात. भुदरगड तालुक्यातल्या एका मुलीची शिष्यवृत्ती ‘जमा’ दिसत होती आणि पासबुकात शून्य. बँकेने हात वर केले, कॉलेजने बँकेकडे बोट दाखवले. शेवटी मी तिला विचारले, गावात कधी शिबिरात खाते उघडले होतेस का? आठवले तिला. ग्रामपंचायतीत कुणीतरी अंगठा घेऊन शून्य शिलकीचे खाते काढून दिले होते, त्याचे कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर पडून होते. पैसे तिथे निवांत बसलेले. असे सुटणारे प्रश्न बरे म्हणायचे.

न सुटणारा प्रश्न आगाऊ फीचा आहे. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीत येणारे शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी काढल्या आहेत. सूचना पाळल्यासारखे दाखवून त्या बाजूला कशा सारायच्या, हे आता महाविद्यालयांना चांगले जमते. कुणी ‘डिपॉझिट’ म्हणून घेतो, कुणी मूळ दाखले ठेवून घेतो. ओबीसी प्रवर्गातल्या, कॅपमधून अभियांत्रिकीला लागलेल्या एका मुलीच्या आईकडे तर शंभर रुपयांच्या बाँडवर हमी आणि वर पुढच्या तारखेचा चेक मागितला. मी शेजारीच उभा होतो. ती माउली म्हणाली, ‘‘चेकबुक कुठलं आणायचं साहेब आमी? दुधाचं बिल बी पासबुकावरच येतंय.’’ खिडकीतल्या मुलाने मान वर न करता पुढच्याला हाक मारली. त्या घराने शेवटी बचत गटातून पैसे उचलले. शिक्षण शुल्क ‘माफ’ असलेल्या पोरीसाठी घर व्याज भरते आहे. शिवाय माफी आहे ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, खोलीभाडे आणि मेस मोफत नाही, हेही ‘मुलींना मोफत शिक्षण’ असे फलक लावणारे सांगत नाहीत.

महाविद्यालयांची बाजूही मला ठाऊक आहे. विनाअनुदानित संस्थेचे पगार फीवरच चालतात आणि शासनाकडून येणारी प्रतिपूर्ती थकते, हे खरे आहे. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो आणि त्यातले शुल्क त्याने सात दिवसांत महाविद्यालयात भरायचे असते. काही पोरे भरत नाहीत, त्याने संस्थाचालक धास्तावतात. पण शासनाकडून येणे बाकी असेल तर ते शासनाकडे मागायला संस्थाचालकांचे हात पोचतात, ते सभागृहातही असतात. थकबाकीचा बोजा ज्याच्यावर टाकला आहे त्या पालकाचा हात तलाठ्यापलीकडे पोचत नाही.

‘मग शैक्षणिक कर्ज काढा’ असे सांगणारे भेटतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नको, जामीन नको, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत. चांगली आहे. पण ती देशातल्या निवडक, गुणवत्ता यादीतल्या संस्थांत (सुरुवातीला ८६०) प्रवेश मिळालेल्यांसाठी. गारगोटी, चंदगड, शाहूवाडीकडचे पोर घराजवळ मिळेल त्या कॉलेजात जाते, ते या यादीत क्वचितच बसते. आणि जी रक्कम शासन देणारच आहे, तिच्यासाठी मधल्या काही महिन्यांपुरते कर्ज काढायला लावणे हा कुठला न्याय?

कोल्हापुरात राहून हे लिहिताना दसरा चौक आठवल्याशिवाय राहत नाही. १९०१ साली इथे मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग उभी राहिली, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. शाहू महाराजांनी जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली. पोर खेड्यातून आले की त्याला आधी अंथरूण आणि ताट मिळायचे. कुंभोजचे भाऊराव पाटील इथल्याच बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि पुढे रयत शिक्षण संस्था उभी केली. ती मदत शिक्षणाच्या आधी हजर असायची. आज महाराजांचे नाव योजनेला आहे आणि मदत मात्र पावती दाखवल्यावर.

याच जिल्ह्यात दुसरी एक गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे, नाही दिले तर कारखान्याने १५ टक्के व्याजासह द्यायचे. ते नेहमी मिळते असे नाही, पण मागायला कायद्याचा आधार आहे आणि त्या जोरावर इथे रस्ते अडवले गेले आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाला असे चौदा दिवस का नाहीत? विद्यार्थ्याने अर्ज भरायची शेवटची तारीख असते. महाविद्यालयाने तो पुढे पाठवायची मुदत जाहीर होते तीही शेवटच्या टोकाची, आणि ती चुकली तर नुकसान विद्यार्थ्याचेच. ज्याच्या हातून उशीर झाला त्याला एक रुपयाचा फटका नाही.

मला हवे आहे ते फार नाही. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला आला की १४ दिवसांत एकतर पुढे जावा, नाहीतर सगळ्या त्रुटी एकाच वेळी लिहून परत यावा, रोज एक नवे खुसपट नको. परत आलेला अर्ज फक्त मेसेजवर न सोडता वर्गात नाव वाचून सांगावा, हजेरी तर रोज घेतातच. आणि पात्र विद्यार्थ्याकडून आगाऊ घेतलेली प्रत्येक रक्कम, ‘डिपॉझिट’ म्हणून असो की चेक म्हणून, पावतीवर त्याच नावाने दिसावी. एवढी पावती जरी हातात पडली तरी सहसंचालक कार्यालयात तक्रार करता येते. आज बरेच पालक हातात काहीच नसल्यामुळे गप्प बसतात. जुलैत शिष्यवृत्तीच्या टेबलावर दोन माणसे जादा बसवायला संस्थांना काय अडचण आहे, हेही मला आजवर समजलेले नाही. प्रवेशाच्या जाहिरातींवर त्याहून जास्त खर्च होतो.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. हंगामात आपण कारखानानिहाय गाळप आणि उतारा छापता. तसा महाविद्यालयनिहाय किती अर्ज कॉलेज लॉगिनला पडून आहेत, हा एकच आकडा दर महिन्याला मागवून छापा. महाविद्यालये देणार नाहीत, तर सहसंचालक आणि समाजकल्याण कार्यालयाच्या लॉगिनला तो दिसतो. तिथूनही सहजी मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे, कोणत्या रकान्यात काय मागायचे ते मला माहीत आहे.

आपला,
शिष्यवृत्ती विभागातील एक निवृत्त लिपिक
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, कृपया छापू नये.)